भरतीच्या मैदानावरचे इनास मास्तर

इनास मास्तर माणसे अपूर्णांकांत मोजत. माझा थोरला भाऊ वामन त्यांच्या मते खेळात सव्वा होता आणि गणितात निम्मा. मिठागरावर काम करणारा धाकू आगरी पायाने दीड आणि तोंडाने अडीच. स्वतःला मात्र ते पावाच्या वर कधी चढवीत नसत, कारण लहानपणापासून त्यांना दमा होता आणि दहा पावले भरभर चालले की त्यांच्या छातीत शिट्टी वाजू लागे. अशा माणसाने ठाण्यात फुटबॉलची मंडळी काढली, ती चालविली आणि तिचे मैदान राखले. या विधानात विसंगती आहे हे मला मान्य आहे. ती दूर करण्याचा मी प्रयत्न करणार नाही. मास्तर समोर आले की ती कोणालाच जाणवत नसे, एवढेच नोंदवून ठेवते.

मी वैद्यकीची विद्यार्थिनी आहे आणि आठवण हे साधन किती ढिले असते याची मला कल्पना आहे. म्हणून जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून लिहीन आणि जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हे सांगेन.

पाहिलेल्या गोष्टींत पहिली त्यांची छत्री. काळी, लांब दांड्याची, आणि सदा मिटलेली. कोट, पायघोळ धोतर, गळ्यात बारीकसा क्रूस आणि बगलेत ती छत्री, असे ते दररोज सकाळी टेंभी नाक्यावरून शाळेत जात. छत्री त्यांच्या मापाची काठी होती. मैदान आखायचे तर इतक्या छत्र्या लांब, इतक्या छत्र्या रुंद. ऊन कितीही असो, ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पुढे कळले की खेळाच्या नियमांचे छोटेसे इंग्रजी पुस्तक गुंडाळी करून ते त्या छत्रीच्या घडीत ठेवीत. "पेटीत ठेवले तर वाळवी, खिशात ठेवले तर घाम," असे त्यांचे स्पष्टीकरण होते. छत्री उघडली तर पुस्तक पडेल, म्हणून मास्तर उन्हात तापत आणि पुस्तक सावलीत राही.

ते शाळेत अंकगणित शिकवीत. माझे वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते आणि मला मॅट्रिकला बसवायचे असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी मास्तरांना आमच्या ओटीवर संध्याकाळची शिकवणी सांगितली. मुलीला एवढे शिकवायचे, तेही किरिस्ताव मास्तराकडून, यावर आळीत पुष्कळ बोलणे झाले. आईने त्यावर एकच अट घातली: मास्तरांनी ओटीवर बसावे आणि चहा त्यांच्या स्वतःच्या पेल्यातून घ्यावा. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी पेला आणला, तो आमच्या ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आता हा पेला तुमच्या घरचा झाला. मी तेवढा पाहुणा." महिनाभराने तो पेला आई स्वतः विसळू लागली.

मला सगळ्या पाढ्यांत पाऊणकीचा तिटकारा होता. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी ती उड्या मारीत जाते आणि जिभेला कुठे टेकायला जागा देत नाही. मी तसे बोलून दाखविले, तेव्हा मास्तरांनी पाटी बाजूला ठेवली.

"आज तिथी कोणती?"

"नवमी."

"नऊ पाऊण?"

"पावणेसात."

"आता बंदरावर जाऊन कोणत्याही कोळ्याला विचार, आज संध्याकाळची भरती कधी पुरी होणार. तो सूर्याकडे बघेल, पाण्याकडे बघेल आणि जे सांगेल त्याचे घड्याळात पावणेसात होतील. उद्या दशमी. दहा पाऊण साडेसात. तुझ्या पाऊणकीवर सगळी खाडी वर येते आणि खाली जाते, आणि तुला ती पाठ करायचा कंटाळा!"

एखादा नियम हातात आला की सृष्टीचा एक भाग आज्ञेत वागू लागतो, हा अनुभव मला त्या संध्याकाळी प्रथम आला. मी पुढे विज्ञानाकडे वळले त्याची कारणे अनेक देता येतील. त्यांपैकी हे पहिले.

पाऊणकीचा आणि फुटबॉलचा संबंध कसा जुळला ते आता सांगितले पाहिजे. मास्तर मुंबईत शिकत असताना त्यांनी गोऱ्या शिपायांना मैदानात हा खेळ खेळताना पाहिले होते. एका पाद्र्याकडून त्यांना नियमांचे ते पुस्तक मिळाले. ठाण्याला आल्यावर त्यांनी शाळेतली थोराड मुले, कचेरीतले दोघे बिनपगारी उमेदवार, मिठागरावरचे चार आगरी आणि पावाच्या भट्टीवरचा एक किरिस्ताव असे अकराजण गोळा केले आणि मंडळीला "ठाणे पदकंदुक मंडळी" असे भारदस्त नाव दिले. ते मास्तरांशिवाय कोणी उच्चारीत नसे. पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांनाही त्यांनी मराठी शब्द योजले. गोलापुढे उभा राहतो तो राखणदार. आणि जो खेळाडू चेंडूच्या पुढे जाऊन शत्रूच्या गोलापाशी आयता उभा राहतो, त्याचा दोष "आगाऊपणा."

हा शेवटचा शब्द धाकूला लागला. एका खेळात मास्तर बांधावरून ओरडले, "धाकू, आगाऊ!" धाकू चेंडू सोडून सरळ त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मास्तर, मना आगाव बोलू नको. माज्या बापासला इचार, मी कदी आगाव वागलू कं?"

"अरे, तू नाहीस. तुझे पाय आगाऊ."

"पाय माजेच हायत ना?"

मास्तरांनी छत्रीतून पुस्तक काढले, धाकूला अक्षरओळख नसताना ते त्याच्यापुढे धरले आणि बोटाने ओळ दाखवीत म्हणाले, "हे बघ, इथे छापले आहे. विलायतेतही आगाऊ असतात." धाकूने छापलेल्या ओळीकडे आदराने पाहिले आणि तो परत गेला. विलायतेतल्या माणसांशी आपली बरोबरी झाली याचा त्याला पुढे बरेच दिवस आनंद होता.

पहिले मैदान नौपाड्याच्या बाजूला, कापणी झालेल्या एका खाचरात होते. अडचण आली ती चेंडूची. तो चामड्याचा. पांढरपेशा घरांतली मुले खेळून आली की उंबऱ्यावर अडविली जात. आमच्या घरचा संवाद मी स्वतः ऐकलेला आहे.

"वामन, तिथंच थांब! त्या कातड्याला शिवून आलास ना?"

"हातानं नाही गं आई, नुसता पायानं."

"मग पाय काय शेजाऱ्यांचे आहेत? जा, आधी तळ्यावर जाऊन ये."

माघाच्या थंडीत रोज संध्याकाळी तळ्यावर जायचे म्हणजे मुलांच्या जिवावर येई. एकेक गळू लागला. मास्तरांनी यावर ना उपदेश केला ना आयांची थट्टा. वामनला ते एवढेच म्हणाले, "माझ्या घरचे नियम वेगळे आहेत. पण घर तुझ्या आईचे आहे." आणि त्यांनी मैदानच उचलून खाडीकाठी नेले.

बंदरापलीकडे मिठागरांच्या बांधाला लागून एक सपाट पट्टी होती. ओहोटीला ती उघडी पडे आणि तिचा गाळ वाळून घट्ट होई. भरतीला तिच्यावर गुडघाभर पाणी चढे. मास्तरांनी तिच्या खाडीकडच्या कडेला एक बांबू रोवला आणि नियम केला की भरतीचे पाणी बांबूला लागले की शिट्टी वाजणार आणि खेळ संपला. खेळ संपला की सगळे त्याच पाण्यात उतरणार, डोक्यावरून बुडी घेणार आणि घरी जाणार. अष्टमी-नवमीला भरती संध्याकाळी येते, म्हणून खेळ त्याच तिथींना. मुले ओलेती घरी येत. आईने पहिल्या दिवशी वामनच्या केसांतले मीठ बोटाने चाखून पाहिले. "वाहतं पाणी आहे ना? मग ये आत."

गावाने मंडळीचे नाव "पाण्यातली मंडळी" ठेवले. मास्तरांना ते आवडले नाही, पण अकराजणांपैकी एकही आता गळत नव्हता.

या व्यवस्थेत पुस्तकातली एक गोष्ट मात्र गाळावी लागली. पुस्तकाप्रमाणे खेळाचे पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग असतात आणि मध्ये विसावा. भरती विसावा घेत नाही. शिवाय एकदा बसलेले आगरी तंबाखू मळू लागले की उठता उठत नसत. म्हणून ठाण्यात खेळ एकसलग चाले, पाणी येईपर्यंत.

मी वडिलांबरोबर बांधावर जाऊन बसे. नुसते बसणे मला जमत नाही, म्हणून त्यांचे घड्याळ मागून घेऊन मी पाणी बांबूला लागण्याची वेळ टिपू लागले. मास्तरांचा हिशेब असा की भरती पुरी होण्याच्या एक तास आधी पाणी बांबूला लागते. नवमीला पावणेसात, म्हणजे पाणी पावणेसहाला. माझ्या टिपणात मात्र पाणी दर वेळी त्यांच्या वेळेच्या सुमारे पंचवीस मिनिटे मागून येत होते. चूक एकदा उशिरा, एकदा लवकर अशी असती तर ती मी वाऱ्यावर घातली असती. एकाच बाजूची चूक ही चूक नसते, तिला कारण असते. मी टिपणाचा कागद घेऊन ओटीवर त्यांच्यापुढे ठेवला. खरे सांगायचे तर, गुरूला चुकीत पकडल्याचा मला फार हर्ष झाला होता.

मास्तरांनी कागद नीट वाचला, एक बेरीज तपासली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाला दाखविलेस?"

"कोणालाच नाही."

"मग नको दाखवू. पाणी सहा वाजून दहाला येते हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. पण पावणेसहा म्हटले की ही माणसे चाराला येणार म्हणून निघतात आणि सव्वाचाराला पोचतात. खरी वेळ सांगितली तर पावणेपाचाला पोचतील. ती पंचवीस मिनिटे मी त्यांच्यासाठीच बाजूला काढून ठेवली आहेत."

"पण मास्तर, हे खोटे झाले."

त्यांनी पेला खाली ठेवून जरा विचार केला. "पाव खोटे," ते म्हणाले.

संकट आले ते मिठागरांच्या मक्तेदाराकडून. त्याला सगळे शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याला मिठागर वाढवायचे होते आणि वाढवायला जवळची जागा तीच पट्टी होती. नवा बांध सरळ रेषेत घातला तर मैदान बरोबर त्याच्या पोटात जाणार होते. जमीन सरकारची, त्यामुळे निकाल मीठ खात्याच्या साहेबाच्या हातात. मास्तर अर्ज घेऊन साहेबाकडे गेले. परत आले तेव्हा शिकवणीच्या वेळी त्यांनी एकही गणित घातले नाही. साहेबाने त्यांना विचारले होते, "तुमची मंडळी आजवर कोणत्या मंडळीशी खेळली?" कोणाशीच नाही. ठाण्यात दुसरी मंडळीच नव्हती. "आपसांत खेळणाऱ्या मुलांसाठी मी सरकारी नकाशा बदलू शकत नाही," साहेब म्हणाला होता.

मैदान गेले तर मंडळी जाणार हे मास्तर जाणून होते. खाचरातल्या चेंडूने मुले उंबऱ्यावर अडविली होती आणि दुसरी भरतीची जागा गावाच्या इतकी जवळ नव्हती. त्यांनी कल्याणला पत्र लिहिले. तिथे रेल्वेच्या कामगारांची एक तरबेज मंडळी होती. तिचा कप्तान इंजिनांच्या शेडमधला हेन्री नावाचा युरेशियन फिटर होता. उत्तर आले, "या."

कल्याणच्या खेळाला मी गेले नव्हते. वामनची हकीकत आणि मास्तरांची हकीकत जिथे जुळतात तेवढेच लिहिते.

मैदान कोरडे, कठीण आणि सभोवार दोरी लावलेले. कल्याणकर बूट घालून, आमचे अनवाणी. आमच्या मंडळीला कोरड्या जमिनीवर चेंडू इतका उसळतो हे ठाऊक नव्हते. पण कल्याणकरांना धाकू ठाऊक नव्हता. त्याने एक गोल केला. थोड्या वेळाने पंचाने शिट्टी वाजविली. अर्धा खेळ झाला होता आणि ठाणे पुढे होते. मास्तर पंचाशी पुस्तकातला एक मुद्दा बोलत उभे राहिले. लिंबाचे पाणी आले, ते कल्याणकरांनी घेतले, आणि दुसऱ्या भागासाठी कल्याणचे अकराजण आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

समोर कोणीच नव्हते.

"युवर मेन?" हेन्रीने विचारले. मग तो मराठीत म्हणाला, "मास्तर, तुमची माणसं कुठं?"

माणसे तळ्यावर होती. शिट्टी म्हणजे खेळ खलास, खेळ खलास म्हणजे आंघोळ, हे दोन वर्षांत त्यांच्या अंगात मुरले होते. खाडी दिसेना तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका बाईला पाणी कुठे आहे ते विचारले आणि रांगेने तळ्यात उतरले. मास्तर छातीतली शिट्टी वाजवीत काठावर पोचले तेव्हा सगळे गळ्यापर्यंत पाण्यात होते आणि जिंकल्याच्या आनंदात एकमेकांवर पाणी उडवीत होते.

"बाहेर या! अर्धाच झालाय खेळ!"

"अर्दा?" धाकू म्हणाला. "मास्तर, पानी तं पुरा हाय!"

ते तसेच निथळत परत गेले. वामन सांगतो की लोकांनी दोरीला धरून हसून घेतले. पण हेन्री हसला नाही. उशीर फार झाला होता, उजेड उतरत होता. त्याने मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले की जेवढा खेळ झाला तेवढाच धरू. एक गोल तुमचा, तुम्ही जिंकलात असे लिहून देतो. साहेबाला दाखवायला मास्तरांना तेवढाच कागद हवा होता. मास्तरांनी छत्रीतून पुस्तक काढले.

"यात दोन भाग लिहिले आहेत. ते मी माझ्या माणसांना कधी सांगितले नाहीत. चूक माझी आहे, त्यांची नाही. खेळ पुरा झाला नाही, म्हणून कोणीच जिंकले नाही."

घरी येऊन वामन माझ्यावर उखडला. "तुझे गुरुजी! हातात आलेलं मैदान टाकून आले!" मी त्या वेळी वामनच्या बाजूची होते, हे इथे मान्य केले पाहिजे.

चार दिवसांत ही हकीकत शेठच्या कानावर गेली आणि शेठने ती साहेबाच्या कानावर घातली, ती अशी: "साहेब, यांना अर्धाच खेळ येतो, कारण यांचं मैदानच अर्धा वेळ पाण्यात असतं. जिथं पुरा डाव होत नाही ते मैदान कसलं? ती मिठाचीच जागा." युक्तिवाद म्हणून तो चांगला होता. साहेबालाही तसेच वाटले. पण त्याच आठवड्यात कल्याणहून हेन्रीचे पत्र आले की जो खेळ अपुरा राहिला तो पुरा करायला आम्ही ठाण्याला येतो. हातात आलेला विजय नाकारणारा माणूस आमच्या ऐकण्यात नाही, असेही त्यात लिहिले होते. मास्तरांनी ते पत्र दाखविले तेव्हा साहेबाने निकाल पुढे ढकलला आणि कसोटी ठरविली. त्या पट्टीवर पुस्तकाप्रमाणे दोन्ही भाग, पाणी लागण्यापूर्वी पुरे झाले पाहिजेत. जिंकणे-हरणे त्याला बघायचे नव्हते.

दिवस नवमीचा ठरला. खेळ चाराला सुरू, विसावा धरून पावणेसहाच्या आत समाप्त. पावणेसहाला पाणी. मास्तरांनी वेळ सगळ्यांना सांगितली, शेठला आणि साहेबालाही. आधीच्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी अकराजणांना विसावा घ्यायला शिकवीत होते. शिट्टी वाजली की मैदानात बसायचे, उठून पाण्याकडे जायचे नाही. धाकू दर वेळी अर्धा उठे आणि वामन त्याला धोतराला धरून बसवी.

त्या दिवशी मी वडिलांशेजारी बांधावर होते, घड्याळ मुठीत. चार वाजले. कल्याणकरांचा पत्ता नव्हता. गाडीला उशीर झाला होता. साहेबाने खुर्चीतली बैठक बदलली. शेठने पानाचा डबा उघडला. चार वाजून दहा मिनिटांनी दूरवर बुटांचा आवाज आला आणि खेळ सुरू झाला तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. बेरीज सगळ्यांना येत होती. खेळ सहाला संपणार आणि पाणी पावणेसहाला येणार. शेठने साहेबाला एक पान देऊ केले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. फक्त पाहिले. बांधावर बसलेल्या पन्नास-साठ माणसांत ती पंचवीस मिनिटे आम्हा दोघांनाच ठाऊक होती. पण टिपण ते टिपण. भरतीला वाऱ्याचा जोर मिळाला तर ती दहा मिनिटे आधीही येते, हे मी त्याच कागदावर लिहिले होते. आणि त्या दिवशी वारा होता.

पहिला भाग बरोबरीत सुटला. शिट्टी वाजली. अकराजण जागच्या जागी असे बसले की जणू कोणी खिळे ठोकले. दुसरा भाग सुरू झाला. साडेपाच. खाडीतून पाण्याची पहिली जीभ गाळावरच्या भेगेतून आत सरकली. आमचे खेळाडू चेंडूपेक्षा तिच्याकडेच जास्त बघू लागले आणि त्या गडबडीत कल्याणने गोल केला. पावणेसहा. सगळ्यांच्या माना बांबूकडे वळल्या. बांबू कोरडा होता.

पाच मिनिटे गेली, तरी कोरडा.

"काय मास्तर," शेठ म्हणाला, "पाणी कुठं राहिलं?"

"येईल," मास्तर म्हणाले. "तेही ठाण्याचंच आहे."

साहेबाला कोणीतरी याचा अर्थ सांगितला आणि तो मोठ्याने हसला. मी हसले नाही. पाणी बांबूपासून छत्रीभर अंतरावर होते. मग अर्ध्या छत्रीवर. मैदानात धाकूने दोघांना चुकवून चेंडू मारला, तो खांबावर आदळून परत आला, आणि आई शेजारी नव्हती म्हणून मी मोठ्याने ओरडले. कल्याणच्या पंचाने घड्याळ पाहिले, शिट्टी तोंडाला लावली आणि लांब वाजविली. सहाला दोन मिनिटे कमी होती.

एका गोलाने ठाणे हरले होते. मास्तर बांधावरून खाली उतरले, चिखलातून चालत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "हरलो! पूर्ण हरलो! दोन्ही भाग खेळून हरलो!" त्यांच्या तोंडून कोणाबद्दल "पूर्ण" हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सहा मिनिटांनी पाणी बांबूला लागले.

पुढचे मी वामनकडून ऐकले, कारण मंडळी पाण्यात उतरू लागली तेव्हा वडिलांनी मला घरी आणले. धाकूने हेन्रीला खूण करून सांगितले की इथला रिवाज असा आहे. हेन्रीने बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकविले आणि सगळ्यांच्या आधी बुडी मारली. त्याच्यामागून बाकीचे दहा. आईने हे ऐकले तेव्हा ती वामनचे केस पुशीत होती.

"तो गोरासा कप्तानही? बुडी मारली? डोक्यावरून?"

"डोक्यावरून."

"चांगल्या घरचा दिसतो," आई म्हणाली.

साहेबाने नकाशावर पेन्सिलीने बांध वळविला. शेठला पलीकडे तेवढीच जागा मिळाली आणि त्याने कुरकूर केली नाही; उलट पुढच्या नवमीला तो पानाचा डबा घेऊन हजर होता. तो बांध आजही तिथे कोपरासारखा वाकतो. एखादा इंजिनिअर तो पाहील तर बुचकळ्यात पडेल, कारण जमिनीत, प्रवाहात किंवा उतारात त्या वळणाचे कारण सापडत नाही.

मी मॅट्रिक झाले आणि मुंबईला निघाले त्या संध्याकाळी ओटीवर मास्तरांना विचारले, "मी आता किती?" ते म्हणाले, "पाऊण. उरलेला पाव मुंबईत घे, आणि घाई करू नकोस." मला थोडे वाईट वाटले होते. मी किमान सव्वाची अपेक्षा केली होती.

मुंबईत आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली आहोत. शरीराची रचना, औषधांची मापे, नाडीचे ठोके यांत माझे दिवस जातात आणि मला ते फार आवडतात. गेल्या माघात चार दिवसांसाठी घरी आले होते. नवमी होती. दुपारी पुस्तकात डोके घालून बसले असता पाऊणकी आपोआप ओठांवर आली आणि मी पुस्तक मिटले.

बांधाच्या कोपरावर मास्तर उभे होते. केस पांढरे झाले आहेत, छत्री तीच आहे. मैदानावर नवी मुले होती, आणि राखणदाराच्या जागी पोट सुटलेला धाकू. कल्याणच्या मंडळीने इनास मास्तरांना एक जुने रेल्वेचे घड्याळ भेट दिले आहे हे मला पत्रातून कळले होते. ते त्यांच्या हातात होते. मला दुरून पाहताच त्यांनी ते उंच धरले आणि दुसऱ्या हाताने छत्री हलवून हाका मारू लागले.

"अगं, चल लवकर! उशीर झाला! सुरू होतोय खेळ!"

माझ्या कमरेला नाडी मोजण्यासाठी घेतलेले माझे स्वतःचे घड्याळ होते. मी ते पाहिले, आणि मग त्यांच्या हातातले, जे उन्हात चकाकत होते आणि ज्याचे काटे इतक्या अंतरावरून दिसण्यासारखे नव्हते. ते पाहायची मला गरज नव्हती. ते पंचवीस मिनिटे पुढे असणार होते.

मी निऱ्या हातात धरल्या आणि पळत सुटले.